संत जोसेफ वाझ : अनवाणी धर्मगुरू



दर फेब्रुवारीत आपल्या नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. मुंबई, वसई, गोवा अशा लांबलांबच्या ठिकाणांहून भाविक येतात. नाशिकच्या बऱ्याच शाळांमध्ये वेगवेगळ्या धर्मांची मुलं एका बाकावर बसतात. अशा वर्गात कधी ना कधी प्रश्न येतोच, की चर्चमधले फादर म्हणजे नक्की कोण? पुजारी, शिक्षक की साधू? आपण 'ख्रिस्ती धर्मगुरू' असं सांगून पुढे जातो. पण धर्मगुरू कसा होतो, त्याचं काम काय आणि तो नसला तर काय अडतं, हे आपल्यालाही नीट माहीत नसतं. मुलाला काय सांगणार?

एका माणसाच्या आयुष्यातून हे छान समजतं, म्हणून आज त्यांची माहिती देत आहे. हा माणूस आपल्या शेजारच्या गोव्यातला. नाव जोसेफ वाझ. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. म्हणजे काळ कोणता, हे लक्षात येईल.

जन्म आणि घर

जोसेफ वाझ यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी गोव्यातल्या साष्टी भागात बाणावली इथे, आईच्या गावी झाला. वडिलांचं नाव क्रिस्टोव्हाव वाझ, आईचं नाव मारिया दि मिरांडा. वडिलांचं गाव सांकवाळ. कुटुंब गौड सारस्वत ब्राह्मणांपैकी, पण काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेलं. घरची भाषा कोकणी.

मराठीच्या शिक्षकांना साष्टी हे नाव नवीन नाही. फादर स्टीफन्स यांनी याच भागात काम केलं आणि त्यांचं 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापलं गेलं. वाझ जन्मले तेव्हा त्याला 35 वर्षं झाली होती.

मुलांना त्या काळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता होती. साष्टीतली देवळं सोळाव्या शतकात पाडली गेली होती. 1560 पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसलं होतं आणि त्याची दहशत होती. वाझ यांचं चरित्र वाचताना ही पार्श्वभूमी विसरून चालणार नाही. पुढे तिचा संबंध येणार आहे.

शिक्षण आणि गुरुदीक्षा

सांकवाळच्या शाळेत ते पोर्तुगीज शिकले आणि बाणावलीत लॅटिन. पुढे गोवा शहरात, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यात, जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात आणि डॉमिनिकनांच्या सेंट थॉमस कॉलेजात त्यांनी तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राचा अभ्यास केला. 1675 मध्ये ते डीकन झाले आणि 1676 मध्ये गोव्याचे आर्चबिशप अंतोनियो ब्रांदाव यांच्या हातून त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

गुरुदीक्षा म्हणजे काय, ते इथे थोडं समजून घेऊ.

आपल्या रामकुंडावर तीर्थपुरोहित असतात. त्यांच्याकडे यजमानांच्या घराण्यांच्या नामावळ्या असतात आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे येतं. कॅथलिक धर्मगुरूचं तसं नसतं. आपल्याकडे दिसणारे कॅथलिक धर्मगुरू लग्न करत नाहीत, त्यामुळे हे पद घराण्यात उतरत नाही. ते बिशपच्या हातून मिळतं. बिशप उमेदवाराच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. त्या बिशपवर आधीच्या बिशपांनी हात ठेवलेले असतात, त्यांच्यावर त्यांच्या आधीच्यांनी. ही साखळी येशूच्या बारा प्रेषितांपर्यंत जाते, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. म्हणजे आपल्या भाषेत गुरुपरंपराच म्हणा ना.

या दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत. डीकन ही पहिली, धर्मगुरू ही दुसरी आणि बिशप ही तिसरी. बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच ही दीक्षा मिळते. एकदा दीक्षा झाली की ती कायमची, पुन्हा द्यावी लागत नाही आणि पुसलीही जात नाही. एखाद्या धर्मगुरूला काम करण्यापासून थांबवता येतं, पण त्याची दीक्षा जात नाही.

आता दीक्षेने येतं काय? कॅथलिक धर्मात सात संस्कार आहेत. बाप्तिस्मा अडीअडचणीला कोणीही देऊ शकतो, अगदी आजारी बाळाला त्याची आईसुद्धा. पण मिस्सामध्ये भाकर आणि द्राक्षारस अर्पण करणं, पापनिवेदन ऐकून क्षमा देणं आणि आजाऱ्याला पवित्र तेल लावणं, हे धर्मगुरू किंवा बिशपच करू शकतो. मिस्सा चालू असताना धर्मगुरू स्वतःच्या नावाने काही करत नाही, त्याच्यामार्फत ख्रिस्तच करतो, अशी शिकवण आहे. म्हणून धर्मगुरू स्वभावाने कसा आहे, हुशार आहे की साधा, गोरा आहे की काळा, यावर संस्काराचं मोल ठरत नाही.

इथे एखादं चुणचुणीत मूल विचारेल, की मग धर्मगुरू चांगला असो की वाईट, काय फरक पडतो? प्रश्न अगदी बरोबर आहे. वाझ यांच्या आयुष्यात त्याचं उत्तर सापडतं.

दीक्षा सारखी, मान वेगळा

शिकवण काहीही असो, त्या काळच्या गोव्यात गोऱ्या आणि स्थानिक धर्मगुरूंना सारखी वागणूक नव्हती. मोठमोठ्या धर्मसंघांत गोमंतकीय मुलांना सहसा घेत नसत. मोठी पदं युरोपियनांकडे. दिवाडी बेटावरचे मातेउश दि कास्त्रो यांना तर गोव्यात दीक्षाच मिळेना, तेव्हा ते थेट रोमला गेले. तिथे शिकले, धर्मगुरू झाले आणि 1637 मध्ये बिशपही झाले. तरी गोव्यातल्या अधिकाऱ्यांनी त्यांचा मान राखला नाही. शेवटी त्यांनी पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाहीतल्या डिचोलीत काम उभं केलं.

वाझ यांनी वेगळा मार्ग धरला. दीक्षा मिळाल्यावर त्यांनी पायातल्या चपला सोडल्या. गावातले गरीब अनवाणी चालत, म्हणून हेही अनवाणी चालू लागले. सांकवाळला त्यांनी मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली, म्हणजे गावातल्या मुलांना पुढे धर्मगुरू होता यावं. 1677 मध्ये त्यांनी एक पत्र लिहून ठेवलं. त्यात स्वतःला मरियामातेचा कायमचा गुलाम म्हणून वाहून घेतलं. गोव्यात त्या वेळी खरेखुरे गुलाम विकले जात होते. अशा शहरात शिकलेल्या ब्राह्मण घरातल्या माणसाने स्वतःला गुलाम म्हणवून घेणं ही साधी गोष्ट नव्हती.

कानडा किनाऱ्यावर

1681 मध्ये त्यांना मंगळूर, बसरूर, गंगोळी, कल्याणपूर या कानडा किनाऱ्याच्या भागात पाठवलं. तिथे एक विचित्र भांडण चालू होतं. पोर्तुगालच्या राजाच्या अधिकाराने नेमलेले धर्मगुरू एकीकडे आणि रोमहून थेट नेमलेला बिशप दुसरीकडे. खरा अधिकार कोणाचा? दीक्षा असली तरी एखाद्या भागात काम करायला तिथल्या बिशपची परवानगी लागते. त्यामुळे हा वाद नुसत्या मानापानाचा नव्हता. आपण कोणाकडे पापनिवेदन करायचं, हेच लोकांना कळेनासं झालं होतं.

वाझ यांनी भांडण वाढवलं नाही. लोकांमध्ये दोन तट पडू नयेत म्हणून ते झटले. शाळा काढल्या, प्रार्थनेची ठिकाणं पुन्हा उभी केली, कैदेत पडलेल्यांना सोडवलं. मंगळूरजवळच्या मुडिपू टेकडीवर आजही त्यांच्या नावाने भाविक जातात. 1684 मध्ये ते गोव्याला परतले.

स्थानिक धर्मगुरूंचं घर

जुन्या गोव्याच्या एका टेकडीवर चमत्कारी क्रुसाचं चर्च होतं. तिथे काही गोमंतकीय धर्मगुरू एकत्र राहू लागले होते. वाझ त्यांना जाऊन मिळाले आणि 1685 मध्ये तिथे ओरेटरी नावाचा संघ सुरू झाला. रोममधल्या संत फिलिप नेरी यांच्या संघाचा हा नमुना. नवसाची बंधनं नाहीत, पण धर्मगुरू एकत्र राहतात, प्रार्थना करतात, सेवा करतात. गोव्यातला हा पहिला स्थानिक धर्मगुरूंचा संघ. ज्यांना इतर संघांची दारं बंद होती, त्यांनी आपलं घर आपणच बांधलं. वाझ त्याचे प्रमुख झाले.

एवढ्यावर ते थांबले असते, तरी गोव्याच्या इतिहासात त्यांचं नाव राहिलं असतं.

ज्या बेटावर धर्मगुरू उरला नव्हता

गोव्यात बातम्या येत होत्या श्रीलंकेच्या. तिथला किनारा आधी पोर्तुगीजांकडे होता. डचांनी 1656 मध्ये कोलंबो आणि 1658 मध्ये जाफना घेतलं. डचही ख्रिस्तीच, पण प्रोटेस्टंट.

हा फरक आपल्याला रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे समजायला सोपा आहे. टिळक प्रोटेस्टंट पंथाचे. त्या पंथात उपदेशक संसारी असू शकतो आणि मिस्सा किंवा पापनिवेदन यांबद्दल कॅथलिकांसारखी शिकवण नाही. डचांना तर कॅथलिक धर्मगुरू म्हणजे पोर्तुगीजांचा हस्तक वाटे. त्यांनी धर्मगुरूंना हाकलून दिलं, आश्रय देणाऱ्यांनाही कडक शिक्षा ठेवल्या.

मग मागे राहिलेल्या लोकांचं काय झालं? बाळांना बाप्तिस्मा घरच्या घरी देता येत होता. गावातली जाणती माणसं लोकांना जमवून प्रार्थना घेत होती, जपमाळ चालू होती. पण मिस्सा नाही. पापनिवेदन नाही. मरणाऱ्याच्या कपाळाला तेल नाही. जवळजवळ तीस वर्षं हे असंच होतं. म्हणजे एक पूर्ण पिढी धर्मगुरूला न पाहताच मोठी झाली.

आता मघाचा प्रश्न आठवा. संस्काराचं मोल धर्मगुरूच्या चांगुलपणावर ठरत नाही, हे खरं. पण संस्कार आपोआप समुद्र ओलांडून जात नाही. तो घेऊन कोणीतरी माणूसच जावा लागतो. गोव्यात धर्मगुरूंची वाण नव्हती. दीक्षा सगळ्यांची सारखीच होती. फरक पडला तो कोण निघालं आणि कोण घरी राहिलं, याने.

भिकाऱ्याच्या वेषात

1686 मध्ये संघाचं प्रमुखपद सोडून वाझ निघाले. बरोबर मोजकेच लोक. दक्षिणेकडे उतरत ते तुतिकोरीनला पोहोचले. 1687 च्या ईस्टरच्या सुमारास मजुराच्या, भिकाऱ्याच्या वेषात ते जाफन्याकडे जाणाऱ्या गलबतात बसले. अनवाणी चालायची सवय आता कामाला आली. उघड्या पायांच्या काळ्या माणसाकडे बघून हा धर्मगुरू असेल, असं कोणाच्या मनातही आलं नाही. गोव्यात ज्या रंगामुळे मान कमी मिळत होता, त्याच रंगाने त्यांना लंकेत वाचवलं.

पोहोचल्यावर ते जुलाबाने इतके आजारी पडले की लोकांनी त्यांना गावाबाहेर टाकून दिलं. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भीक मागू लागले. माळ पाहून कोण कसं बघतं, यावरून घर ओळखायचं. ओळख पटली की रात्री गुपचूप लोक जमत. मिस्सा रात्री, पापनिवेदन रात्री, उजाडायच्या आत सगळे पांगलेले. जाफन्याजवळचं सिल्लालै हे गाव त्यांचं ठाणं झालं. ते तमिळ शिकले. पुढे डचांना सुगावा लागला आणि त्यांना तिथून निघावं लागलं. मग ते पुत्तलमला गेले.

कँडीचा राजा

बेटाच्या मध्यभागी डोंगरात कँडीचं स्वतंत्र राज्य होतं. राजा बौद्ध, नाव विमलधर्मसूर्य दुसरा. 1692 मध्ये वाझ तिथे गेले आणि पोर्तुगीजांचे हेर म्हणून पकडले गेले. तुरुंगात बसून त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली. हळूहळू राजाची खात्री पटली की या माणसाकडून धोका नाही. मग पहारा सैल झाला, जवळच एक लहानसं प्रार्थनास्थळ उभं राहिलं.

1696 मध्ये मोठा दुष्काळ पडला. राजाने सगळ्यांना पावसासाठी प्रार्थना करायला सांगितलं. वाझ यांनी चौकात वेदी मांडून प्रार्थना केली आणि पाऊस आला, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. ही श्रद्धेची कथा म्हणून मुलांना सांगावी. राजाने त्यानंतर त्यांना राज्यात फिरायची मोकळीक दिली, हा मात्र इतिहास आहे.

इथे थोडं थांबा आणि मघाची पार्श्वभूमी आठवा. गोव्यात कॅथलिक सत्ता दुसऱ्यांच्या धर्मावर बंधनं घालत होती. लंकेच्या किनाऱ्यावर प्रोटेस्टंट सत्ता कॅथलिकांवर बंधनं घालत होती. आणि या कॅथलिक धर्मगुरूला आसरा दिला तो एका बौद्ध राजाने. वर्गात सर्वधर्मसमभाव शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून मिळणार नाही.

देवीची साथ

1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोक रोग्यांना जंगलात टाकून पळू लागले. वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो मागे राहिले. त्यांनी टाकून दिलेल्या रोग्यांसाठी झोपड्या उभारल्या, जखमा धुतल्या, खायला घातलं, मेलेल्यांना पुरलं. रोगी बौद्ध आहे की ख्रिस्ती, हे पाहिलं नाही. या कामाला दीक्षा लागत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. कोणीही करू शकलं असतं. पण धर्मगुरू म्हणजे सेवक, हा अर्थ लोकांना मिस्सापेक्षाही इथे जास्त दिसला असावा.

बिशपपद नको

एव्हाना गोव्याच्या ओरेटरीतून आणखी धर्मगुरू येऊ लागले होते. कोचीनच्या बिशपने वाझ यांना लंकेच्या कामाचे प्रमुख नेमलं. 1705 मध्ये पोपचे दूत कार्डिनल दि तूर्नों यांच्याकडून त्यांना बिशप करण्याचा विचार पुढे आला. गोमंतकीय धर्मगुरूला हा मान मिळणं त्या काळात किती दुर्मीळ, ते मातेउश यांच्या हकिकतीवरून कळतंच. वाझ यांनी नकार दिला. दीक्षेची तिसरी पायरी समोर असून ते दुसरीवरच राहिले.

त्याच वर्षी दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विश लंकेत आले. त्यांनी सिंहली आणि तमिळ भाषांत पुस्तकं लिहिली. सिंहली ख्रिस्ती साहित्याचे जनक म्हणून त्यांना आज ओळखतात. म्हणजे वाझ यांनी आपल्यामागे काम थांबणार नाही, याची सोय करून ठेवली होती.

16 जानेवारी 1711 रोजी कँडीत त्यांचं निधन झालं. वय 59. लंकेला गेल्यापासून ते गोव्याला कधीच परतले नव्हते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1995 मध्ये कोलंबोत त्यांना धन्यवादित घोषित केलं आणि 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोतच त्यांना संत घोषित केलं. श्रीलंकेचे ते पहिले संत.

थोडक्यात जीवनपट

- 1651 : बाणावली इथे जन्म
- 1676 : गुरुदीक्षा
- 1681 ते 1684 : कानडा किनाऱ्यावर काम
- 1685 : गोव्यात ओरेटरीची स्थापना
- 1687 : वेषांतर करून श्रीलंकेत प्रवेश
- 1692 : कँडीत कैद
- 1697 : देवीच्या साथीत रुग्णसेवा
- 1705 : बिशपपदाला नकार
- 1711 : कँडी इथे निधन
- 2015 : संत म्हणून घोषणा

मुलांशी बोलण्यासाठी प्रश्न

1. नकाशात बाणावली, मंगळूर, तुतिकोरीन, जाफना आणि कँडी शोधा. हा प्रवास आज कसा कराल?
2. धर्मगुरू नसतानाही लंकेतल्या लोकांनी कोणकोणत्या गोष्टी चालू ठेवल्या? कोणत्या ठेवता आल्या नाहीत?
3. वाझ यांना किती भाषा येत होत्या, ते लेखातून शोधा. प्रत्येक भाषा त्यांना कुठे उपयोगी पडली?
4. बौद्ध राजाने वाझ यांना मोकळीक का दिली असेल?
5. तुमच्या परिसरातल्या पुजारी, भंते, मौलाना, फादर किंवा ग्रंथी यांपैकी एकाला भेटा. ते हे काम कसं शिकले, ते विचारून पाच ओळी लिहा.

पाचवा प्रश्न पालकांनी मुलांबरोबर जाऊन करावा, ही विनंती. फादरांना आपण फार तर शाळेच्या ॲडमिशनच्या वेळी भेटतो आणि ऑफिसातून परत येतो. त्यांच्या पदाचा अर्थ कोणी विचारला तर बहुतेकांना आनंदच होतो. लेख आवडला तर शाळेच्या ग्रुपवर पाठवा. आणि 16 जानेवारीला, त्यांच्या सणाच्या दिवशी, परिपाठात ही गोष्ट सांगायला विसरू नका.